पटावरचं नाव

सत्र संपायला आलं की विभागाच्या काचेच्या फळ्यावर एक यादी लागते. साधा ए-फोर कागद. रोल नंबर, नाव, हजेरीची टक्केवारी आणि शेरा असे चार रकाने. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली घसरलेल्यांची ही यादी. मुलांच्या बोलीत ‘डिफॉल्टर लिस्ट’. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी बावीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं ही यादी माझ्या सहीने लागत असे. एका ऑक्टोबरात अकराव्या ओळीवर एक नाव होतं. हजेरी ३८ टक्के. शेरा : टर्म नामंजूर. मी सही केली, पेन पर्समध्ये ठेवलं आणि दुपारच्या प्रॅक्टिकलला गेले.

त्या मुलाने परवानगी दिली म्हणून हे लिहिते आहे. त्याचं नाव लिहिणार नाही. घर उदगीरकडचं, वडील एसटीत वाहक, घराण्यातला इंजिनिअरिंगला आलेला पहिलाच मुलगा, एवढं पुरे.

यादी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी साडेनऊला ते विभागाच्या दाराशी उभे होते. हातात मेडिकलच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट काढलं. कावीळ, पंधरा दिवस विश्रांती. मी म्हटलं, “कागदावर पंधरा दिवस आहेत, मुलगा दोन महिने वर्गात नाही.” ते बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत बसले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “कावीळ नाही, म्याडम. डोक्याचं निघालं. पण तसं लिहून आणलं की तो कागद जन्मभर पाठीमागं फिरतो. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.” पिशवीच्या तळाशी घडी घातलेली दुसरी चिठ्ठी होती, लातूरच्या मानसोपचारतज्ज्ञांची. ती त्यांनी मला दाखवली, मी वाचल्याबरोबर परत घेतली आणि पुन्हा तळाशी ठेवली.

मी त्यांना चहा दिला, नियम समजावला आणि पुढच्या जूनमध्ये रीॲडमिशनला या, असं सांगितलं. त्या चिठ्ठीच्या आधारावर काही करता येतं, हे मला माहीत नव्हतं. विभागप्रमुखांना माहीत नव्हतं. प्राचार्यांच्या कार्यालयातही कुणाला नव्हतं.

काय करता आलं असतं, ते मी नंतर शोधत गेले. मानसिक आजाराचा समावेश अपंगत्वाच्या कायद्यात अलीकडे झाला, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यातला एक मानसिक आजार होता. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला, प्रकार एकवीस झाले, आणि हा आजार त्यातही आहे. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं ही या कायद्याने शिक्षणसंस्थेची जबाबदारी ठरवली आहे. मनाच्या आजाराची टक्केवारी कशी काढणार, असं लोक विचारतात. त्यासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम करणं या चार गोष्टींत माणसाचं किती अडतं, आणि आजार किती वर्षांचा आहे, यावर ती ठरते. चाळीस टक्क्यांपासून पुढे राखीव जागेसारखे हक्क मिळतात. पण परीक्षेत लेखनिक द्यायला चाळीस टक्क्यांचीच अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. प्रत्येकाची अडचण पाहून सोय करायची, हा त्या निकालाचा गाभा.

आणि त्या वडिलांना जी भीती होती, तिच्यावरही कायद्यात उत्तर आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. गावातली कुजबुज कायद्याने थांबत नाही, हे खरं. पण कागद कुणाच्या हातात जावा हे ठरवण्याचा अधिकार तरी रुग्णाचा आहे. त्या सकाळी आमच्यापैकी एकालाही हे ठाऊक असतं, तर खोट्या काविळीची गरज पडली नसती आणि कदाचित वर्ष वाचलं असतं.

*

त्याला नेमकं काय झालं होतं? पहिल्या वर्षी त्याचा पॉइंटर आठच्या वर होता. दुसऱ्या वर्षी, आषाढीच्या सुमारास झोप कमी झाली. आधी चार तास, मग दोन, मग नाहीच. आणि थकवा मात्र नाही. रूम पार्टनरला वाटलं, गडी अभ्यासाला लागला. तो रात्रभर ठिबक सिंचनाच्या एका नव्या यंत्राची चित्रं काढत असे. एका प्राध्यापकांना त्याने एका रात्रीत सतरा ईमेल पाठवले. त्यांना ते कौतुकाचं वाटलं, स्टाफरूममध्ये त्यांनी ते आम्हाला वाचूनही दाखवले. फीच्या हप्त्याचे पैसे सुटे भाग मागवण्यात गेले. गणपतीत सगळं उलटलं. तो पलंगावरून उठेना, मेसचा डबा दाराशी तसाच पडून राहू लागला, आंघोळ बंद झाली. अखेर त्या रूम पार्टनरनेच घरी फोन केला.

घरी असता तर आईने तिसऱ्या रात्रीच ओळखलं असतं, असं त्याचे वडील आजही म्हणतात. मला ते पटतं. असे आजार अनेकदा येतात तेच मुळी मूल घरापासून लांब गेलेलं असतं त्या वयात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले होते : आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतो, त्यांच्यापैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे आपल्याकडे दहावी, बारावी, सीईटी, वसतिगृह, पहिली नोकरी, सगळं याच पट्ट्यात. ‘निमहान्स’ने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ही पाहणी बारा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

पुण्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत विद्यार्थ्यांना सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणायला सांगतात. “कधीपासून बरं वाटत नाही, याचं उत्तर मुलांना देता येत नाही,” ते मला म्हणाले. “गुणपत्रिका ते महिन्यानिशी सांगते. आणि मला हेही बघायचं असतं की घसरण्याआधी हा मुलगा काय होता. त्याला स्वतःला ते आठवत नसतं.” या मुलाच्या गुणपत्रिका मी पुन्हा काढून पाहिल्या. दोन सत्रं स्वच्छ, तिसऱ्यात अक्षरही नाही, कारण परीक्षेला बसूच दिलं नाही. बावीस वर्षं मी असे कागद हाताळले. एकदम कोसळलेला आलेख दिसला की आम्ही ठरलेली कारणं म्हणत असू : मोबाइल, मैत्रीण, पुण्याची हवा लागली. आजारी आहे का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

*

ते वर्ष त्याने घरी काढलं. आधी घरच्यांनी त्याला दोन देवस्थानांना नेलं होतं. गावातल्या आशाताईंनी लातूरचा रस्ता दाखवला. लिथियम सुरू झालं. तिसऱ्या महिन्यापासून तो मामाच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बसू लागला.

हे काम मी मुद्दाम जाऊन पाहिलं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की आतलं काळं पडलेलं वाइंडिंग काढतात, खाचा साफ करतात, त्यात इन्सुलेशनचा कागद बसवतात आणि मग तांब्याची तार मोजून वेढे घालतात. वेढ्यांचा आकडा चुकला की मोटार पुन्हा जळते, शेतकरी दुकानात येऊन शिव्या देतो. पहिल्या आठवड्यात या मुलाला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं. मध्येच आकडा हरवायचा आणि तार उलगडून पुन्हा सुरुवात. मामा ओरडले नाहीत. दर दहा वेढ्यांना पाटीवर खडूची एक रेघ मारायची, एवढं त्यांनी शिकवलं. संक्रांतीपर्यंत तो पन्नासवर आला. उन्हाळ्यात एके दुपारी त्याने खडूला हात न लावता अख्खा सेट गुंडाळला, आणि संध्याकाळी वडिलांना सांगितलं की आता कॉलेजात जातो.

कॉलेजात जायची तयारी झाली की नाही, हे त्याने कुणाच्या उपदेशावरून ठरवलं नाही, त्या आकड्यावरून ठरवलं. मन ताळ्यावर येणं म्हणजे काय, ते मला त्या दुकानात कळलं. नैराश्यात आणि रात्ररात्र जागवणाऱ्या तेजीनंतरच्या काळात माणसाचं लक्ष, लगेचची आठवण, निर्णय घेण्याची ताकद हेच आधी जातं, आणि औषधाने मनःस्थिती सावरली तरी ते सावकाश, मागाहून येतं. घरच्यांना मूल हसताना दिसतं, म्हणून ते पुस्तकं पुढे ठेवतात. इथेच बहुतेकांचा दुसरा डाव मोडतो.

*

परत आला तेव्हा योगायोगाने मीच त्याची टीजी होते. टीजी म्हणजे टीचर गार्डियन. वीस-बावीस मुलांमागे एक शिक्षक. या वेळी वडिलांनी पिशवीच्या तळातली चिठ्ठी वर काढून ठेवली होती.

वायडी, म्हणजे ‘इयर डाउन’, बसलेल्या मुलाला काय काय सोसावं लागतं, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा गेली. शिष्यवृत्ती थांबली; वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. मधल्या काळात अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला, त्यामुळे जुने विषय आणि नवे समकक्ष विषय यांचा मेळ घालायला विद्यापीठाच्या खिडकीवर चार चकरा झाल्या. कालपर्यंत ज्यांना ज्युनिअर म्हणायचं, त्यांच्या बाकावर बसायचं. बरोबरीची मुलं कॅम्पसच्या मुलाखतींचे टाय बांधून जिन्यात भेटायची. यातली एकेक गोष्ट धडधाकट मुलालाही जड जाईल.

त्यात औषध. लिथियमने तहान फार लागते आणि लघवीला वारंवार जावं लागतं. अनेकांचा हात बारीक थरथरतो. आता हे घेऊन तीन तासांच्या पेपरला बसायचं. आमच्याकडे पहिला अर्धा तास आणि शेवटची दहा मिनिटं कुणाला बाहेर सोडत नसत, आणि मध्ये दोनदा गेलं की पर्यवेक्षक संशयाने बघतात. हात थरथरतो म्हणून अक्षर बिघडतं, अक्षर बिघडलं म्हणून जर्नल परत येतं, जर्नल परत आलं म्हणून सबमिशन अडतं, आणि सबमिशन अडलं की टर्म ग्रँट होत नाही. एका गोळीपासून टर्मपर्यंतची ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली. मुलगा आळशी, मुलगा बेफिकीर असे शेरे तिच्या शेवटच्या कडीवर बसून मारले जातात.

आम्ही काय केलं, तर फार थोडं. डॉक्टरांकडून नवं पत्र आणवलं. त्यात आजाराचं नाव नव्हतं. काय अडतं आणि काय हवं ते होतं. सकाळी गुंगी असते, हात थरथरतो, पाणी व बाहेर जाण्याची मुभा लागेल, महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी रजा लागेल. मला विचाराल तर असं पत्र शंभर सर्टिफिकेटांहून कामाचं, कारण वाचणाऱ्या कारकुनालाही त्यावर काय करायचं ते कळतं. त्याची प्रॅक्टिकलची बॅच आठऐवजी अकराची केली. जर्नल टाइप करून द्यायला परवानगी मिळवली. एका सहकाऱ्याने विरोध केला, ‘मग सगळेच मागतील’ म्हणाले. कुणीच मागितली नाही. परीक्षेला त्याची जागा दाराशी. त्या मजल्यावरचे शिपाईमामा पेपरच्या दिवशी लेबल काढलेली पाण्याची बाटली त्याच्या बाकाखाली आधीच ठेवत. त्यांना मी कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

राहिलेल्या पाच विषयांपैकी त्याने पहिल्या खेपेला तीनच पेपर दिले. पाचांचा फॉर्म भरून पाचांत आपटण्यापेक्षा तीन नीट, हा डॉक्टरांचा सल्ला. तिनातले दोन सुटले, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. त्या निकालाच्या दिवशी तो माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “मॅडम, नापास झालो, पण कुठे चुकलं ते या वेळी आठवतंय.” मी त्याला पेपर काढायला लावला. खरंच आठवत होतं.

सरळ रेषेत मात्र काहीच झालं नाही. तिसऱ्या वर्षी, ओरल्सच्या आठवड्यात परीक्षकासमोर हात थरथरायला नको म्हणून त्याने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या. दुसऱ्याच रात्री झोप उडाली. पण या वेळी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहिलेल्या होत्या आणि त्याच चार ओळी रूम पार्टनरच्या मोबाइलमध्ये होत्या : दोन रात्री झोप नाही, तर वडिलांना फोन. डॉक्टरांचा नंबर. पैशांचं कार्ड काढून घेणं. कॉलेजला मॅडम कळवतील. वडील दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटला उतरले. तो सोळा दिवस घरी राहिला आणि परत आला. दोन ओरल्स पुढे गेल्या, वर्ष गेलं नाही. पहिल्या खेपेला ज्या आजाराने वर्ष नेलं, त्यानेच दुसऱ्या खेपेला सोळा दिवस नेले. मधला फरक वहीच्या त्या पानाचा आहे.

*

सगळ्यांनी असंच टिकावं, असं मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यातली एक मुलगी मला भेटली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला नैराश्याने ग्रासलं, घरच्यांनी ‘नाव खराब होईल’ म्हणून तिला त्याच वर्गात रेटून बसवलं. सलग तीन सत्रं ती नापास होत राहिली आणि प्रत्येक निकालाबरोबर आजार खोल गेला. तिने शेवटी कॉलेज सोडलं तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती, असं ती सांगते. दोन वर्षं उपचार, एका पुस्तकाच्या दुकानात अर्धा दिवस काम, आणि मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९चं. लष्करातले जवान, घर सांभाळणाऱ्या बायका, नोकरीतली माणसं यांच्यासोबत ती अभ्यासकेंद्रावर बसली. तिथे तिला कुणी ‘तुझं वर्ष का गेलं’ असं विचारलं नाही, कारण सगळ्यांचीच गेलेली होती. ती पदवीधर झाली. तिच्या बाबतीत कॉलेज सोडणं हाच शिक्षणात राहण्याचा मार्ग होता, आणि तो दोन वर्षं आधी घेऊ दिला असता तर तीन सत्रांची ती जखम टळली असती.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२०मध्ये हेच तत्त्व म्हणून मान्य केलं. मिळवलेली क्रेडिट्स साठवणारी शैक्षणिक क्रेडिट बँक २०२१मध्ये सुरू झाली. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, पुढे परत येऊन पदवी. आजारी विद्यार्थ्यासाठी याहून चांगली तरतूद कोणती? पण मी ज्या दोन महाविद्यालयांत चौकशी केली, तिथे खिडकीवरच्या माणसाला असा मध्येच थांबण्याचा अर्ज कोणता, हे सांगता आलं नाही. आजही मूल गळतं ते न सांगता गळतं. फी भरली जात नाही, नाव पटावरून निघतं, आणि दोन वर्षांनी परत यायचं म्हटलं तर सुरुवात शून्यापासून.

समुपदेशक असतो का? असतो, कागदावर. आमच्याकडे ते काम एका विषयशिक्षिकेकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून होतं. तिचीच परीक्षा-ड्युटी, तिच्याच हातात अंतर्गत गुण. तिच्यापुढे मन मोकळं कोण करणार? विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. हेल्पलाइनचे नंबर वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक दिसले पाहिजेत. आणि गुणांवरून मुलांना चारचौघांत लाजवू नये, हेही त्यात आहे. त्याआधी मार्च २०२५मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. ही पावलं कोणत्या आकड्यामुळे उचलावी लागली, तेही सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवलं. प्रत्येकामागे एकच कारण नसतं. परीक्षेचा निकाल हे तर अनेकदा शेवटचं, दिसणारं कारण असतं. पण त्यातले कितीतरी त्या वर्षी कुठल्या ना कुठल्या पटावर होते आणि कुणीतरी त्यांची हजेरी घेत होतं.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे, हे मात्र अभिमानाने सांगावंसं वाटतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी केली. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र बसून बोलायला तिथे जागा मिळाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यातला एक तरुण आणि त्याला घाई न करता जवळ ठेवणारी एक बाई, एवढीच त्याची गोष्ट. आम्ही तो महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवला. संपल्यावर चर्चा ठेवली होती, कुणी उठलं नाही. मात्र पुढच्या आठवड्यात चार मुलं एकेकटी माझ्या केबिनमध्ये आली. दोघांनी दार लावून घेतलं.

*

ज्यांच्यावर आज ही वेळ आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून काय अडतं आणि काय सोय हवी, असं पत्र घ्या. ते सत्राच्या सुरुवातीला द्या, यादी लागल्यावर नव्हे. पोच घ्या. कॉलेजात एक माणूस असा निवडा ज्याला सगळं माहीत असेल. सगळ्यांना सांगायची गरज नाही. थांबायचं असेल तर अर्ज करून थांबा, आणि परत येताना कोणते नियम लागतील, शिष्यवृत्तीचं काय होईल, हे लेखी विचारून ठेवा. गोळी जड जात असेल तर डॉक्टरांशी भांडा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते. आणि रात्री-अपरात्री काहीच सुचेनासं झालं तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. चार वर्षांची पदवी त्याने सात वर्षांत घेतली, दुसऱ्या वर्गात. एम-थ्री चौथ्या खेपेला सुटला. आता तो पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात काम करतो, रात्री गोळी घेतो आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातलं लिथियम तपासून घेतो. धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मुलाकडच्यांना त्यानेच स्वतःहून आजाराचं सांगितलं होतं. वडील पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

 या सत्राच्या शेवटीही फळ्यांवर याद्या लागतील. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे : सही करण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येकाची मागच्या सत्राची हजेरी शेजारी ठेवून बघा. ज्याचा आकडा एकदम कोसळलेला दिसेल, त्याच्या घरी त्या दिवशी एक फोन करा, आणि फोनवर नियम सांगू नका. मुलगा झोपतो का, जेवतो का, ते विचारा.